पेटीतली प्रत आणि फाटका अंक

मागल्या दिवाळीच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी अहमदपूरला घरी आला आणि त्याने बैठकीतल्या टेबलावर एक जड, आडवी पेटी ठेवली. जाड पुठ्ठ्याच्या त्या पेटीत एकच ग्रंथ होता आणि पेटीवरचे पारदर्शक वेष्टन अजून तसेच होते. ‘‘वेष्टन फोडलं की संग्राहकांत भाव उतरतो, सर,’’ तो म्हणाला, ‘‘पण तुम्ही फोडा. वाचायलाच आणलंय.’’ ग्रंथ होता ‘एल एतेर्नाउता’ ह्या अर्जेंटिनी विज्ञान-चित्रकादंबरीचा इंग्रजी अनुवाद. अमेरिकेतील फँटाग्राफिक्स ह्या प्रकाशनाने २०१५ साली काढलेला. मी वेष्टन फोडले. परंतु त्या क्षणी आनंदाहून संकोचच अधिक वाटला, आणि त्या संकोचाचे कारण सांगायचे तर काही वर्षे मागे जावे लागेल.

२०११ साली हाच विद्यार्थी एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी विषय घेऊन माझ्याकडे आला होता. विषय होता मराठी ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधील फ्लॅश गॉर्डनच्या कथा. मी तेव्हा नुकती डॉक्टरेट मिळवलेला, नोकरीत नवा. आणि नव्याने दीक्षा घेतलेला माणूस जुन्यांहून कडक सोवळे पाळतो, तसे माझे वाङ्मयाच्या व्याख्येबाबत झाले होते. मी त्याला तीन प्रश्न विचारले. ह्याचा लेखक कोण? संहिता कोणती? आणि ह्यात वाङ्मयीन मूल्य ते काय? तो उभ्या उभ्याच ऐकत होता. ‘‘बरं, सर,’’ एवढेच म्हणाला आणि पुढच्या आठवड्यात एका संतकवीवरचा विषय घेऊन आला. त्या लघुप्रबंधाला मी चांगले गुण दिले. त्यात काय लिहिले होते हे मला आज आठवत नाही. बहुधा त्यालाही आठवत नसावे.

प्रश्न चुकीचे होते असे मी आजही म्हणणार नाही. किंबहुना ते फार चांगले प्रश्न होते. चूक एवढीच की ते मी उत्तरासाठी विचारले नव्हते, नकारासाठी विचारले होते. आणि ह्यातली लपवाछपवी अशी की तो विषय माझ्या स्वतःच्या घरातला होता.

माझे थोरले काका नांदेडला नोकरीस होते. अहमदपूरला रेल्वे नाही. त्यामुळे रेल्वे स्थानकावरच्या पुस्तकांच्या दुकानातून येणारे वाचन आमच्याकडे पोचायचे ते काकांच्या पिशवीतून, सणासुदीला. त्यांनी तरुणपणी जमवलेले इंद्रजालचे अंक एका लोखंडी पेटीत होते. मार्च १९६४मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने सुरू केलेली ही मालिका १९९०मध्ये बंद पडली तेव्हा तिचे आठशेहून अधिक अंक निघाले होते. आरंभीचे बत्तीस अंक वेताळाचे होते. पुढे मॅन्ड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला. मी वाचू लागलो तेव्हा मालिका अखेरच्या घटका मोजत होती आणि पेटीतले अंक वीस-पंचवीस हातांतून फिरून आलेले होते. मुखपृष्ठ असलेला अंक हा अपवाद. बाकीच्यांचे पहिले पान म्हणजे कथेचे तिसरे किंवा पाचवे पान.

फ्लॅश गॉर्डनचा एक अंक असा होता की त्याची शेवटची दोन पाने नव्हती. यान कुठल्याशा ग्रहाकडे ओढले जात आहे, यंत्रे बंद पडली आहेत, डॉक्टर झारकोव्ह काहीतरी सुचवू पाहत आहेत, आणि तिथेच अंक संपतो. आमचे जुने घर माळवदाचे. उन्हाळ्यात सगळी भावंडे माळवदावर निजायची आणि त्या दोन पानांत काय असेल ह्याची रोज नवी आवृत्ती निघायची. थोरली चुलत बहीण सांगायची ती सर्वांत चांगली असे. तिच्या आवृत्तीत यान पडत नसे, ग्रहच जवळ येऊन उभा राहत असे. आकाश डोक्यावर होतेच. आजही ‘अवकाश’ हा शब्द वाचला की माझ्या पाठीला मातीच्या माळवदाची ऊब लागते.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. आदल्या रात्री गणेशविसर्जन आटोपून लोक उशिरा झोपलेले होते. दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरच्या जड माळवदांखाली हजारो माणसे गेली. अहमदपूर तेथून बरेच दूर. आमच्याकडे भांडी वाजली, माणसे ओरडत बाहेर आली. परंतु पुढचे कित्येक दिवस जिल्ह्यात कोणी घरात निजले नाही. ज्या माळवदावरून आम्ही ग्रहगोल पाहायचो त्याच्याखाली जाण्याची आता भीती वाटे. पुढच्या वर्षी वडिलांनी ते उतरवून स्लॅब टाकला. त्या आवराआवरीत काकांची पेटी रद्दीत गेली. कोणी हळहळले नाही. माणसे गेली होती तिथे कागदाचे काय!

हे सारे मी इतकी वर्षे वाङ्मयाच्या बाहेरचे समजत होतो. ‘एल एतेर्नाउता’ची पहिली पाने उलटताना ते आत आले.

ही कादंबरी एक्तोर हेर्मान ओएस्टरहेल्ड ह्यांनी लिहिली आणि फ्रान्सिस्को सोलानो लोपेस ह्यांनी चितारली. ती १९५७ ते १९५९ ह्या काळात ब्वेनोस आयरेसच्या एका स्वस्त साप्ताहिकात क्रमशः आली. एका विज्ञानकथाकाराच्या (खरे तर चित्रकथा लिहिणाऱ्याच्या) खोलीत रात्री अकस्मात एक माणूस प्रकट होतो, समोरच्या खुर्चीत बसतो आणि आपली हकीकत सांगू लागतो. हकीकत सुरू होते ती घराच्या माळ्यावर पत्ते खेळत बसलेल्या चार मित्रांपासून. दिवे जातात. बाहेर बर्फ पडू लागतो, आणि तो ज्याला स्पर्श करतो तो मरतो. आपल्या बायकामुलांकडे जायचे म्हणून चौघांतला एक न राहवून बाहेर धावतो आणि काही पावलांवर कोसळतो. उरलेले खिडक्यांच्या फटी बुजवतात. घरात सापडेल त्या सामानातून अंगभर पोशाख शिवतात आणि तो घालून एकेकटे बाहेर पडू लागतात. त्यांना बाहेर जाता येत नव्हते. आम्हांला आत जाता येत नव्हते. ह्या उलटापालटीपाशी मी बराच वेळ थांबलो.

साम्य केवळ आपत्तीचे नाही. विज्ञानकथेतले संकट न्यूयॉर्क वा लंडनवर यायचे असा संकेत होता. ओएस्टरहेल्डने ते स्वतःच्या शहराच्या उपनगरात, ओळखीच्या रस्त्यांवर, फुटबॉलच्या ‘रिव्हर प्लेट’ मैदानावर आणले. आपल्याकडे १९७४मध्ये ‘कृष्णविवर’ ह्या कथेने मराठी विज्ञानकथेला नवे वळण दिले आणि पुढे नारळीकरांनी मुंबई-पुण्याला विश्वाशी जोडले. परंतु तालुक्याच्या गावी ग्रहांतरीचे काही उतरल्याचे मराठीत अभावानेच वाचायला मिळते. फ्लॅश गॉर्डन तर मुळातच दूर पळणारा. जानेवारी १९३४मध्ये अलेक्स रेमंड ह्यांनी सुरू केलेल्या त्या मालिकेत गोरा खेळाडू मोंगो ग्रहावर जातो आणि मिंग नावाच्या निर्दयी सम्राटाशी लढतो. ह्या मिंगचा चेहरा, मिशी, पोशाख सारे ‘पौर्वात्य’ आहे. आमच्यासारखी पोरे आपल्याच खंडाच्या व्यंगचित्राविरुद्ध टाळ्या वाजवत होती, हे कळायला मला सैद विद्यापीठात भेटावे लागले.

‘एल एतेर्नाउता’त शत्रूची रचना ह्याहून किती तरी खोल आहे. आक्रमकांची एक उतरंड आहे: भुंग्यांसारखे महाकाय कीटक, यंत्र बसवून गुलाम केलेली माणसे, त्यांच्यावर अनेक बोटांचे ‘मानोस’. हे मानोस सुसंस्कृत आहेत, पण त्यांच्या शरीरात भयाची एक ग्रंथी बसवलेली आहे. बंडाचा विचार करताना भय वाटले की तीच त्यांना मारते. सर्वांवर असलेले ‘ते’ मात्र एकाही चौकटीत दिसत नाहीत. शत्रू म्हणून जो समोर येतो तो स्वतःच जिंकला गेलेला असतो. नायकही एकटा नाही. लढतो तो शेजाऱ्यांचा, कामगारांचा, प्राध्यापकाचा, पत्रकाराचा समूह. ह्या दृष्टीमुळेच ही कादंबरी पुढे तिच्या काळापलीकडे वाचली गेली. १९७६मध्ये अर्जेंटिनात लष्करी राजवट आली. १९७७मध्ये ओएस्टरहेल्ड ह्यांना उचलून नेण्यात आले आणि ते परत आले नाहीत. त्यांच्या चारही मुली त्याच राजवटीत नाहीशा झाल्या. साप्ताहिकातली करमणुकीची मालिका एका देशाच्या स्मरणाचा भाग झाली ती अशी. २०२५मध्ये तिची दूरचित्रमालिका आल्यावर जगभरच्या नव्या वाचकांपर्यंत ती पोचली.

आता ह्या पेटीविषयी. संग्राह्य आवृत्ती म्हटले की माझ्यासारख्याच्या कपाळाला आठी पडते. सोनेरी कडा, मर्यादित प्रती, न वाचण्यासाठी घेतलेले पुस्तक! वाल्टर बेन्यामिन ह्यांनी १९३१ साली स्वतःच्या ग्रंथसंग्रहाविषयी लिहिताना संग्राहक पुस्तके वाचतोच असे नाही हे हसत कबूल केले होते आणि तरीही त्याच्या हाती जुन्या पुस्तकाला नवे आयुष्य लाभते असे मानले होते. मला ह्यातला पहिला भाग पटकन पटायचा. परंतु ही आवृत्ती पाहताना काही गोष्टी ध्यानात आल्या. पुस्तक आडवे आहे, कारण मूळ साप्ताहिकाची पाने आडवी होती. म्हणजे वाचकाची नजर १९५७ साली जशी सरकत होती तशीच येथे सरकते. अनुवादिकेचे, एरिका मेना ह्यांचे, नाव आहे. कर्त्यांची माहिती आहे, काळाची माहिती आहे. ज्याला आपण पाठचिकित्सा म्हणतो ती येथे झाली आहे. केवळ तिच्यावर प्रतिष्ठित नाव लिहिलेले नाही, एवढेच.

ह्याच्या शेजारी इंद्रजाल ठेवून पाहावे. वर्तमानपत्रांतील आडव्या पट्ट्या कापून उभ्या पानात बसवलेल्या. पाने पुरवायची म्हणून मधल्या चौकटी गाळलेल्या. वेताळाच्या देशाचे मूळ नाव ‘बेंगाली’, ते आपल्याकडे घोटाळा नको म्हणून ‘डेंकाली’ झाले. असे बदल किती आणि कोणी केले ह्याची नोंद अंकात नाही. मराठी करणाऱ्याचे नाव नाही. नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस पाठवताना स्वतःची आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले होते, हा किस्सा आपण कौतुकाने सांगतो. त्या नावामागे निदान नाव होते. मंगळ, यान, किरण, यंत्रमानव हे शब्द ज्याने आमच्या तोंडी बसवले त्याला टोपणनावही नव्हते. ‘लेखक कोण?’ हा माझा प्रश्न येथे तोंडघशी पडतो, कारण ते शोधून काढणे हेच तर संशोधन होते आणि मी ते संशोधन होण्याआधीच पुराव्याअभावी फेटाळले.

विद्यार्थ्याने स्वतःचा संग्रह सोबत आणला होता. लघुप्रबंध नाकारला गेल्यावर त्याने विषय सोडला नव्हता. नोकरी सांभाळून जुन्या बाजारांतून, रद्दीच्या दुकानांतून त्याने मराठी इंद्रजालचे साठ-सत्तर अंक जमवले होते, प्रत्येक वेगळ्या पिशवीत. त्याने मला बाजाराची रीत समजावून सांगितली. कोरा अंक सर्वांत मोलाचा. मुखपृष्ठ शाबूत हवे, बी. गोविंद ह्यांचे असेल तर अधिकच. आत मालकाचे नाव लिहिलेले असले की भाव खाली. कोडे सोडवलेले असले की आणखी खाली. पान गेलेले असले की तो अंक जवळपास कचरा. म्हणजे वाचनाची जेवढी खूण, तेवढी किमतीत घट. न वाचला गेलेला अंक सर्वांत महाग. मी म्हटले, ‘‘म्हणजे काकांच्या पेटीची किंमत शून्य.’’ तो हसला आणि त्याने पिशव्यांच्या तळातून एक अंक काढला.

फ्लॅश गॉर्डनचाच अंक. माझा तो नव्हे. मी आशेने पाहिले, कथा वेगळी होती. मुखपृष्ठ नव्हते. शेवटची पानेही नव्हती. पण त्या जागी शाळेच्या दुरेघी वहीचे दोन कागद दोऱ्याने शिवलेले होते आणि त्यांवर शाईच्या पेनाने चौकटी आखून, फुगे काढून कोणीतरी गोष्ट पुरी केली होती. चित्रे बेताचीच, यान गाडग्यासारखे दिसत होते. पण मजकूर भरघोस होता. झारकोव्हचे ‘झारकाव’ झाले होते आणि तो ‘‘गार्डन, पळ लवकर, हे बिघडलंय समदं’’ असे बोलत होता. आधीची तीस पाने प्रमाण, संस्कृतप्रचुर मराठीत बोलणारा शास्त्रज्ञ शेवटच्या दोन पानांत एकदम आमच्या भागातला झाला होता. विकणाऱ्याने हा अंक त्याला इतर अंकांबरोबर फुकट दिला होता.

स्कॉट मॅक्लाउड ह्यांनी १९९३ साली चित्रकथेचे रूपविवेचन करताना दोन चौकटींमधल्या मोकळ्या फटीला मध्यवर्ती स्थान दिले. ती फट वाचक भरतो आणि तेथेच कथा घडते. उत्तम मांडणी आहे. पण त्यात छापील फट गृहीत आहे. आमच्या वाचनव्यवहारातली मोठी फट ही फाटलेल्या पानांची होती आणि ती वाचकाने मनातच नव्हे, कागदावर भरली होती. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला ह्यात नवल वाटायला नको. महानुभाव परंपरा सांगते की ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी धाडीत गेली आणि ज्यांना जे स्मरत होते त्यावरून ती पुन्हा उभी राहिली; म्हणून त्याचे निरनिराळे पाठ झाले आणि वि. भि. कोलते ह्यांना १९७८ची आपली आवृत्ती सिद्ध करताना त्या जंजाळातून वाट काढावी लागली. पैठणला एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती तिच्यात पाठभेद शिरले होते म्हणून. मराठवाड्याला प्रक्षेपाची आणि शुद्धीची ही दोन्ही कामे फार जुनी आहेत. मी स्वतः वर्गात हे दरवर्षी शिकवतो. प्रक्षेप हा केवळ दोष नसून वाचनाचा पुरावा असतो, हेही शिकवतो. आणि दुरेघी वहीचे ते दोन कागद २०११ साली माझ्यासमोर आले असते तर ‘संहिता कोणती?’ असे विचारून मी ते परत केले असते, ह्याविषयी मला शंका नाही.

मूल्याचा तिसरा प्रश्न मी अजून सोडलेला नाही. मराठी फ्लॅश गॉर्डनला ‘एल एतेर्नाउता’च्या पंक्तीत बसवण्याचा आग्रह कोणी धरू नये, ती उसनी, कापलेली, बऱ्याच अंशी साचेबद्ध निर्मिती होती. आपल्याकडे ओएस्टरहेल्ड झाला नाही हे सत्यच आहे. परंतु तो का झाला नाही ह्याचे उत्तरही ह्या अंकांत शोधावे लागेल, कारण चौकटीत विचार करणारा मराठी वाचक घडला तो तेथेच, आणि त्यातल्या एकाने तरी दोन पाने स्वतः काढली होती. चित्रकथींच्या पोथ्या आपण संग्रहालयात जपतो, त्यांच्यावर प्रबंध होतात. तो मान योग्यच. मात्र ती कला जिवंत होती तेव्हा तिच्याकडे पाहणारा विद्वान वर्ग किती होता, ह्याचाही अभ्यास व्हायला हवा.

निघताना त्याने विचारले, ‘‘आता होईल का विषय, सर?’’ त्याला पीएच.डी.साठी नोंदणी करायची होती. मी त्याला बसायला सांगितले. संध्याकाळपर्यंत आम्ही आराखड्याची दोन पाने लिहिली: अंकांची सूची, इंग्रजी व हिंदी अंकांशी तुलना, गाळलेल्या चौकटींची नोंद, भाषांतराची शब्दसूची, वाचकांच्या खुणा. शेवटच्या मुद्द्यापाशी वाद झाला. शिवलेल्या कागदांचा मजकूर परिशिष्टात द्यावा असे माझे मत. तो म्हणाला, मुख्य संहितेतच, छापील मजकुराच्या पुढे, पृष्ठक्रमांक न तोडता. मी अजून पूर्ण पटलेलो नाही. तूर्त आम्ही त्या दोन पानांची नक्कल करून घेतली आहे. ‘समदं’ तसेच ठेवले आहे; ‘झारकाव’ही. पेटीतला ग्रंथ आडवा असल्यामुळे माझ्या कपाटात उभा बसत नाही. तो कोलत्यांच्या ‘लीळाचरित्रा’वर आडवा पडून आहे आणि बाहेरची पेटी माझ्या धाकटीने रंगखडू ठेवायला नेली आहे.